‘द फेबलमन्स’: कौतुक झालं, पण कशाचं?

स्टीव्हन स्पीलबर्गचा स्वतःच्या बालपणावर बेतलेला चित्रपट ‘द फेबलमन्स’ सप्टेंबर २०२२ मध्ये टोरांटो महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि तिथला प्रेक्षकपसंतीचा मुख्य पुरस्कार त्यानेच नेला. नोव्हेंबरात तो अमेरिकेत लागला. दहातल्या नऊ समीक्षा कौतुकाच्या होत्या. जानेवारी २०२३ मध्ये गोल्डन ग्लोबला सर्वोत्कृष्ट नाट्यपट आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक हे दोन्ही मान त्याला मिळाले. ऑस्करची सात नामांकनंही आली, पण मार्चमध्ये त्यातलं एकही फळाला आलं नाही. चार कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत पावणेदोन कोटींच्या आसपास आणि जगभरात मिळून साडेचार कोटींच्या आसपास गल्ला जमवला. थिएटरवाल्यांचा वाटा आणि जाहिरातीचा खर्च वजा केला की हा सरळ तोटा आहे. ‘जॉज’पासून ‘ज्युरासिक पार्क’पर्यंत तिकीटबारीचे विक्रम ज्याच्या नावावर, त्याच्या सगळ्यात खासगी चित्रपटाकडे लोक फिरकले नाहीत.

या प्रकरणाचे दोन सोपे निकाल लगेच देता येतात. एक, लोकांना चांगलं कळत नाही. दोन, समीक्षकांनी म्हाताऱ्या उस्तादाला भीड म्हणून गुण वाढवून दिले. मला दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं असं, की कौतुक करणारे आणि नाकं मुरडणारे, दोघेही एकाच चित्रपटाबद्दल बोलत होते आणि तो चित्रपट स्पीलबर्गने केलेलाच नव्हता.

घरातली गोष्ट

स्पीलबर्गचे वडील आर्नल्ड हे इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. जनरल इलेक्ट्रिकच्या जीई-२२५ या संगणकाच्या घडणीत त्यांचा मोठा हात होता. आई लिआ पियानो वाजवायची. वडिलांच्या नोकरीमागे घर न्यू जर्सीहून ॲरिझोनाला आणि तिथून उत्तर कॅलिफोर्नियाला गेलं. लिआ नवऱ्याच्या मित्राच्या, बर्नी ॲडलरच्या, प्रेमात पडली होती. घटस्फोट झाला आणि पुढे तिने त्याच्याशीच लग्न केलं. गंमत म्हणा की शोकांतिका, घर मोडल्याचा दोष आर्नल्डने स्वतःवर घेतला आणि मुलाने अनेक वर्षं बापाशी दुरावा ठेवला. खरं कळल्यावरही राग बापावरच राहिला, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं आहे. २०१२ मध्ये अमेरिकी टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात आई-वडील दोघंही या विषयावर मोकळेपणी बोलले होते.

म्हणजे २०२२ मध्ये कुठलंही गुपित फुटलं नाही. मोडलेलं घर स्पीलबर्गच्या चित्रपटांत आधीपासून होतंच. ‘क्लोज एन्काउंटर्स’मध्ये (१९७७) बाप घर सोडून निघून जातो, ‘ई. टी.’मध्ये (१९८२) तो घरात नसतोच. नवं इतकंच, की या वेळी परग्रहवासी नव्हते आणि आडोसाही नव्हता.

स्पीलबर्गची बहीण ॲन हिने याच घरावर ‘आय विल बी होम’ नावाची पटकथा १९९९ मध्येच लिहून ठेवली होती. ती करायला भाऊ कचरला. आई-बाप हयात होते आणि ते दुखावतील अशी त्याला भीती होती. लिआ २०१७ मध्ये ९७ व्या वर्षी गेल्या, आर्नल्ड ऑगस्ट २०२० मध्ये १०३ व्या वर्षी. मग टाळेबंदीच्या काळात नाटककार टोनी कुशनरबरोबर बसून त्याने स्वतःची पटकथा लिहिली. ॲनच्या पटकथेकडे शेवटी येऊ.

दोन कट

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी मधला भाग नीट सांगतो, कारण सगळा खटला त्यावरच उभा आहे.

सॅमी फेबलमन या पोराला १९५२ साली आई-बाप पहिल्यांदा सिनेमाला नेतात. पडद्यावरचा रेल्वेचा अपघात त्याच्या डोक्यात घुसतो आणि तो खेळण्यातली गाडी पुन्हा पुन्हा आदळायला लागतो. आई मिट्झी (मिशेल विल्यम्स) त्याला युक्ती सांगते: एकदाच आदळव, कॅमेऱ्याने टिप, मग हवं तितक्यांदा बघ. म्हणजे कॅमेरा या घरात आला तो भीतीला लगाम म्हणून. वेड, छंद, कला हे सगळं नंतरचं.

सॅमी मोठा होतो (गॅब्रिएल लाबेल), मित्रांना घेऊन काउबॉयपट काढतो, बंदुकीच्या गोळ्या उडाल्यासारखं दिसावं म्हणून फिल्मला टाचणीने भोकं पाडतो. एकदा सगळं कुटुंब रानात तंबू ठोकून राहायला जातं. बरोबर बापाचा मित्र बेनी (सेथ रोगन) असतोच, तो नेहमीच असतो. सॅमी त्या सहलीचं चित्रण करतो. थोड्या दिवसांनी मिट्झीची आई वारते आणि ती खचते. तेव्हा बाप बर्ट (पॉल डॅनो) मुलाला फिल्म कापायचं यंत्र आणून देतो आणि म्हणतो, तू ठरवलेला युद्धपट राहू दे, आधी सहलीची फिल्म जोड, आईला बरं वाटेल.

मग तो प्रसंग येतो. बाहेरच्या खोलीत मिट्झी पियानोवर बाख वाजवते आहे, बर्ट तिच्याकडे कौतुकाने बघतो आहे, आणि आत सॅमी फिल्म पुढेमागे करतो आहे. मागच्या बाजूला, झाडांपाशी, आई आणि बेनी दिसतात. हातात हात. तो फिल्म मागे घेतो. पुन्हा बघतो. पियानो चालूच असतो. आईचं गुपित आईच्याच वादनाच्या साथीने कळतं आणि ते कळायचं साधन बापाने आणून दिलेलं असतं. एवढी निर्दय रचना स्पीलबर्गने फार कमी वेळा केली आहे.

यानंतर सॅमी दोन फिल्म करतो. एक गोड, ती सगळ्यांना दिवाणखान्यात दाखवतो. सगळे खूश. दुसरी, उरलेल्या तुकड्यांची, तो लपवून ठेवतो. पुढे आईशी भांडण होतं, ती त्याच्या पाठीत धपाटा घालते, आणि तेव्हा तो तिला कपड्यांच्या कोठडीत बसवून, प्रोजेक्टर लावून, दुसरी फिल्म दाखवतो. स्वतः बाहेर थांबतो. ती रडत बाहेर येते. कुणाला सांगणार नाही, असं वचन तो तिला देतो. सोळा-सतरा वर्षांचं पोर त्या क्षणी घराचा मालक होतं, कारण काय दिसावं आणि काय दिसू नये हे आता त्याच्या हातात आहे.

शाळेतल्या शेवटच्या भागातही हेच आहे. ज्यू म्हणून छळणाऱ्या दोन पोरांपैकी लोगनला सॅमी आपल्या फिल्ममध्ये देवासारखा देखणा, तेजस्वी दाखवतो. लोगन नंतर त्याला गाठून रडतो आणि चिडतो, कारण पडद्यावरचा तो पोरगा आपण कधीच होणार नाही हे त्याला कळलेलं असतं. सूड की खुशामत, हे सॅमीलाही धड सांगता येत नाही. आणि आई-बाप घटस्फोटाची बातमी देतात, बहिणी रडत असतात, तेव्हा सॅमीला समोरच्या आरशात आपण हे सगळं चित्रित करतो आहोत असं दिसतं.

मला तरी यात सिनेमाची आरती कुठे दिसत नाही. घरातल्या माणसाच्या हातात पुरावा गोळा करायचं यंत्र आलं की त्याचं आणि घराचं काय होतं, याची ही तपासणी आहे.

शिक्का

आणि तरी कौतुकाच्या समीक्षांत जो शब्दप्रयोग फिरत राहिला तो होता ‘सिनेमाला लिहिलेलं प्रेमपत्र’. त्याच हिवाळ्यात ‘बॅबिलॉन’ आणि ‘एम्पायर ऑफ लाइट’वरही हाच शिक्का बसला. त्याआधीची चार वर्षं ‘रोमा’, ‘बेलफास्ट’, ‘द हँड ऑफ गॉड’ असे दिग्दर्शकांच्या बालपणाचे चित्रपट येतच होते, त्यामुळे कप्पा तयार होता. ‘द फेबलमन्स’ अलगद त्यात टाकला गेला. तळहातावर पडलेला प्रोजेक्टरचा उजेड न्याहाळणारं पोर सगळ्यांना आठवलं, कोठडीतून बाहेर येणारी आई फार थोड्यांना.

नावं ठेवणाऱ्यांनीही तोच कप्पा मान्य केला आणि मग तक्रारी केल्या. अडीच तास म्हणजे लांबड, फार मऊ, स्वतःच्याच प्रेमात पडलेला. मिशेल विल्यम्स आणि पॉल डॅनो हे ज्यू नसलेले कलाकार ज्यू आई-बापाच्या भूमिकांत का, हा आक्षेपही झाला. तो वेगळ्या जातीचा आणि विचार करण्याजोगा आहे, विशेषतः पूर्वग्रह सोसणाऱ्या कुटुंबाबद्दलच्या चित्रपटात. बाकीच्या तक्रारी मात्र प्रेमपत्र गृहीत धरून त्यातली शाई फिकी आहे म्हणण्यासारख्या.

तोटा मात्र शिक्क्याच्या माथी मारता येणार नाही. २०२२ च्या अखेरीस मोठ्यांसाठीचे गंभीर चित्रपट अमेरिकेत एकामागून एक पडले. कौतुक झालेला ‘टार’ पडला, ‘बॅबिलॉन’ तर आपटलाच. त्यात ‘द फेबलमन्स’ डिसेंबरच्या मध्यालाच घरबसल्या भाड्याने मिळायला लागला. महिन्याभरात घरी येणाऱ्या कौटुंबिक चित्रपटासाठी कोण उठून जाणार? ऑस्करचं म्हणाल तर त्या वर्षी सात पुरस्कार घेऊन जाणारा ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ हाही एका आईचा आणि मोडायला आलेल्या घराचाच चित्रपट होता. सहायक अभिनेत्याच्या गटात ‘द फेबलमन्स’च्या जड हर्शला मागे टाकणारा के हुई क्वान, म्हणजे १९८४ साली स्पीलबर्गनेच ‘इंडियाना जोन्स’मध्ये झळकवलेलं पोर. असा योगायोग पटकथेत लिहिला तर कुशनरने खोडला असता.

कोथरूडमधली बैठक

हे सगळं डोक्यात असताना कोथरूडमधल्या एका घरी आम्ही दहा-बारा जणांनी हा चित्रपट पाहिला. पुण्यात चित्रपट बघायला चौघं जमले की पाचवा शॉट समजावून सांगायला आलेलाच असतो. फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून प्रभातच्या जागेत आहे, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून, आणि उन्हाळी रसास्वाद शिबिरं करून आलेली माणसं पेठांपासून बाणेरपर्यंत पसरलेली आहेत. तेव्हा मी ‘काय आवडलं’ असं विचारायचं टाळलं. ‘चूक कोणाची’ असं विचारलं. रसास्वादाच्या नियमात हे बसत नाही, पण माणसं खरं बोलतात.

पिंपरीच्या कारखान्यात उभं आयुष्य घालवलेल्या एका काकांनी लगेच बर्टचं वकीलपत्र घेतलं. त्यांचं म्हणणं, बर्टला सगळं आधीपासून माहीत होतं. “अहो, इंजिनिअरला आवाजावरून कळतं बेअरिंग गेलंय. मशीन बंद पडू नये म्हणून तो बोलत नाही एवढंच.” मी हरकत घेतली, की चित्रपटात तसं कुठे स्पष्ट नाही. त्यावर त्यांनी पियानोच्या प्रसंगातला बर्टचा चेहरा पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा पाहिल्यावर मला त्यांचं पूर्ण पटलं नाही, पण त्यांचं वाचन नाकारताही येईना. अमेरिकी समीक्षांत बर्ट हा बहुतेकदा भला, कोरडा, बायकोचं मन न कळलेला माणूस आहे. पुण्यात, जिथे दर दुसऱ्या घरात एक बर्ट आहे, तो प्रेक्षकांना अधिक गुंतागुंतीचा वाटला.

बैठकीतली सगळ्यात कामाची गोष्ट बोलली ती लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी एक मुलगी. तोवर ती गप्प होती. ती म्हणाली, “सर, मी दर आठवड्याला दोन कट करते. एक पेन ड्राइव्हवर देते, दुसरा डोक्यात राहतो.” रुसून एकटी जेवणारी काकू, देण्याघेण्यावरून कोपऱ्यात चाललेली कुजबूज, नवरीच्या वडिलांचा सप्तपदीच्या वेळचा चेहरा, हे सगळं फुटेजमध्ये असतं आणि कापलं जातं. रॉ फुटेज द्या म्हणून घरचे मागे लागतात, ती देत नाही. कधी दिलंस का, असं विचारल्यावर ती हसली आणि विषय बदलला. बाजारू कामातून आलेल्या या एका वाक्याने माझ्या मते मी वाचलेल्या निम्म्या समीक्षांपेक्षा चित्रपट जास्त उलगडला.

इन्स्टिट्यूटच्या वळणाचा एक तरुण मात्र बधला नाही. स्पीलबर्ग शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतो, आणि माफी हा कथेतून सुटायचा सोपा मार्ग आहे, असं त्याचं म्हणणं. मला हे अर्धंच मान्य आहे. बर्ट आणि मिट्झीला माफी मिळते हे खरं. सॅमीला मिळते का? शेवटी जुन्या काळचा नामांकित दिग्दर्शक जॉन फोर्ड याच्या भूमिकेतला डेव्हिड लिंच त्याला क्षितिज वर हवं किंवा खाली हवं, मध्ये नको, एवढंच शिकवून हाकलतो आणि चित्रपटाचा कॅमेरा धसक्याने क्षितिज नीट करतो. सगळे हसतात. पण एवढ्या सगळ्या पडझडीनंतर या पोराला हवी होती ती चौकट कशी लावायची याची टीप, आणि ती मिळाल्यावर तो उड्या मारत जातो. माझ्या लेखी तो आनंद थोडा भीतीदायकही आहे.

जिवंतपणी लिहायचं की नंतर

बँकेतून निवृत्त झालेल्या एका ताईंनी चर्चा ‘आहे मनोहर तरी’वर आणली, आणि पुण्यात ती तिथे आली नसती तरच नवल. सुनीता देशपांडे यांचं ते पुस्तक १९९० साली आलं, तेव्हा पु. ल. हयात होते. भांडारकर रस्त्यावरून जाताना लोक ज्या घराकडे आदराने बघायचे, त्या घरातला हिशेब आतूनच कुणीतरी मांडला होता. त्यात लफडी-कुलंगडी नव्हती. लाडक्या माणसाच्या रोजच्या सवयी, त्याचं घराबाबतचं बेफिकीर असणं आणि ते सगळं पेलणारी, स्वतःलाही न सोडणारी बाई, एवढंच होतं. तरी कित्येक वाचकांना ते सोसलं नाही. याउलट लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुढे छापून आली, रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेल्यानंतर. नवऱ्याचा संताप, त्याचं घर सोडून निघून जाणं, सगळं त्यात आहे, पण कुणी म्हटलं नाही की बाईने नवऱ्याची बेअब्रू केली. अर्थात लक्ष्मीबाईंचा विनोद इतका उमदा आहे की त्यांनी टिळकांच्या हयातीत लिहिलं असतं तरी बहुधा खपून गेलं असतं.

ताईंचा मुद्दा असा: स्पीलबर्गने लक्ष्मीबाईंची वेळ निवडली आणि श्रेय मात्र सुनीताबाईंचं घेतलं. मला हे जरा कडक वाटतं, कारण आई-बाप स्वतःच टीव्हीवर बोलून चुकले होते. पण समीक्षकांनी ‘धाडस’ हा शब्द ज्या सढळ हाताने वापरला, त्यावर हा नेमका टोला आहे. ज्याच्याबद्दल लिहिलं तो उत्तर द्यायला समोर बसलेला नसेल, तर धाडसाचा भाव थोडा उतरतो.

मी त्यात ‘फँड्री’ची भर घातली. नागराज मंजुळे यांचा तो पहिला लांबीचा चित्रपट २०१३ चा. पदार्पणाच्या दिग्दर्शकासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, आणि मंजुळेंनी त्यात स्वतःच्या अनुभवातलं पुष्कळ घातलं आहे. तोही वयात येणाऱ्या मुलाचाच चित्रपट, घरही आहे, बापही आहे. पण जब्याच्या घराला गुपित परवडतच नाही. डुक्कर धरायला सगळं कुटुंब शाळेशेजारी धावतं आणि वर्गातली पोरं कठड्यावर बसून बघतात, फोटो काढतात. मिट्झीची लाज एका कोठडीत, एका प्रेक्षकासमोर उलगडते. कोठडी असणं हीदेखील ऐपत आहे. म्हणून ‘फँड्री’चं बोलणं शेवटी थेट प्रेक्षकावर दगड भिरकावण्यापर्यंत जातं आणि ‘द फेबलमन्स’ आपल्यालाच आत बोलावून दार लावून घेतो. दोन्ही चित्रपट आत्मचरित्रपर म्हणून एका ओळीत बसवणाऱ्यांनी हा फरक तरी बघावा.

बहिणी

इतकी बाजू मांडल्यावर उणीवही सांगायला हवी. शाळेतली मोनिका आणि तिचं येशूवेड हा भाग मजेदार आहे, पण वीस मिनिटं वेगळाच चित्रपट चालल्यासारखं वाटतं. बेनी हा हसतमुख ठोकळा राहतो, त्याला एक कॅमेरा भेट देण्याचा प्रसंग सोडला तर आतून काही मिळत नाही. मोठी उणीव आहे ती बहिणींची. सॅमीला तीन बहिणी आहेत. त्या त्याच्या फिल्मांत नटतात, गाडीत मागे बसतात, घटस्फोटाच्या रात्री रडतात. रानातल्या रात्री आई मोटारीच्या उजेडात नाचायला लागते आणि कपड्यातून अंग दिसतं, तेव्हा तिला थांबवायला धावणारी एक बहीणच असते. भाऊ चित्रण करत असतो. म्हणजे काय चाललंय हे मुलीला कॅमेऱ्याशिवाय कळलेलं आहे, आणि चित्रपट तिच्या कळण्याकडे पुन्हा वळून बघत नाही.

ॲनची १९९९ ची पटकथा इथे आठवते. याच घराची गोष्ट तिने भावाच्या वीसेक वर्षं आधी लिहिली होती आणि ती झाली नाही. ताईंनी तेवढं ऐकलं आणि विचारलं, “मग त्या कोठडीत मुलींना कुणी बोलावलंच नाही का?” मी वाचलेल्या समीक्षांत हा प्रश्न कुणी विचारलेला मला आढळला नाही. काकांनी सुचवलं, पुढच्या वेळी हाच चित्रपट फक्त बहिणींकडे बघत पाहू. एडिट करणारी मुलगी म्हणाली, तिला फाइल द्या, बहिणी असलेले सगळे शॉट ती वेगळे काढून आणेल; फार वेळ लागणार नाही, फार नाहीतच.